दोन फवारे

आम्ही दार लावून जेवायचो. गावाकडून पाहुणे आले की त्यांना याचं नवल वाटायचं, कारण एरवी आमच्या वस्तीत दारं दिवसभर सताड उघडी असायची. भांडणं, रेडिओ, पोरांच्या आंघोळी, सगळं उघड्यावर चालायचं. पण ताटं मांडली की आई आधी उठून दार लावायची, खिडकीत ओली चादर अडकवायची, आणि मगच सुकटीच्या चटणीवरचं झाकण काढायची. आता नाहूर स्टेशन आहे तिथून खाडीच्या अंगाला चालत निघालं की मिठागरांच्या अलीकडे आमची वस्ती लागायची. तिच्या मागून एक नाला वाहायचा आणि नाल्यापलीकडे शहराचा कचरा येऊन पडायचा. दिवसभर डंपर मागे सरकायचे, त्यांचे फाळके धाडकन आपटायचे, वर घारी किंचाळायच्या. त्या आवाजांची आम्हाला सवय झाली होती. वासाचीही सवय होते असं बऱ्याच जणांनी मला पुढे ऐकवलं. असं ऐकवणाऱ्यांपैकी एकही माणूस आमच्या घरी जेवलेला नव्हता.

तो काही एकच वास नव्हता. सकाळी तो आंबट असायचा. ऊन चढलं की गोड व्हायचा, आणि गोड झाला की सगळ्यात वाईट. संध्याकाळी तारांवरचं रबर जाळून तांबं काढणारे पलीकडे जाळ करायचे, तेव्हा त्यात धूर मिसळायचा आणि घसा खवखवायचा. आई मुलुंडच्या एका शाळेत शिपाईण होती. शाळेची पांढरी साडी ती रोज धुवायची, पण बाहेर वाळत घालायची नाही. घरातच, स्टोव्हच्या वर बांधलेल्या दोरीवर टाकायची, त्यामुळे तिच्या पदराला कायम रॉकेलचा वास. "रॉकेलचा चालतो," ती म्हणायची. "रॉकेल सगळ्यांच्याच घरात असतं." या एका वाक्यात तिचं सगळं राजकारण होतं. अण्णांना मात्र ते राजकारण वाटायचं नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होते, आणि पाळी संपवून आले की वस्तीचे लेखक. आमच्या खोलीत पलंग नव्हता, पण सायक्लोस्टाईल मशीन होतं. मी अक्षरं अंकलिपीवर नाही, पत्रकांवर शिकले. पाण्याच्या नळाचं पत्रक, रेशनच्या तांदळाचं पत्रक, विहाराच्या भिंतीचं पत्रक. सुट्टीच्या दिवशी मशीनचा हँडल फिरवायचं काम माझं, आणि खटाक-खटाक करत कागद बाहेर पडू लागले की मला वाटायचं, जग आता बदलणार, फार तर सोमवारपर्यंत. अण्णा मला लिहायला शिकवायचे ते असं: "वाक्य लहान ठेव, मित्रा. पत्रक वाचणारा उभ्याने वाचतो." माझं नाव संघमित्रा. अण्णा मित्रा म्हणायचे, वस्तीतल्या बायका मित्रे. अण्णांच्या बोटांना शाईचा वास यायचा आणि तो त्यांनी कधी साबण लावून घालवला नाही. स्वतःच्या अंगाला वास असण्याची लाज त्यांना ठाऊक नव्हती, कारण त्यांचा वास त्यांनी स्वतः निवडला होता. हे मला आज कळतं. तेव्हा एवढंच कळायचं की माझ्या अंगाला येणारा वास मी निवडलेला नाही.

मी घाटकोपरच्या कॉलेजात जात होते. पहिल्या वर्षी माझ्या बाकावर बीना नावाची एक गुजराती मुलगी बसायची. मनाने चांगली, डब्यातला खाकरा अर्धा मला देणारी. एकदा तिने अगदी काळजीने विचारलं, "मित्रा, तू राहतेस कुठे गं? म्हणजे जवळ काही आहे का? गटार वगैरे?" मी म्हटलं, "आहे. तुमच्या सगळ्यांच्या घरातला कचरा आहे." मला जिंकल्यासारखं वाटलं, पण दुसऱ्या दिवशी ती पुढच्या बाकावर बसली. भाषण जिंकून बाक हरायची ती माझी पहिली वेळ.

आमच्या बाजूच्या खोलीत इंदूमावशी राहायची. मालवणकडची. तिचे यजमान गिरणीत होते. गिरणी बंद पडली, यजमान घरी बसले, आणि इंदूमावशीने मुलुंड स्टेशनाबाहेर कटलरीचा ठेला लावला. बांगड्या, पिना, टिकल्या, नेलपॉलिश, पावडरचे डबे. तिला मी बाकाची गोष्ट सांगितली तेव्हा तिने पिशवीतून सेंटची एक बाटली काढली. गुलाबी काच, वर फुलाच्या आकाराचं टोपण, आणि त्या टोपणाची एक पाकळी तुटलेली, म्हणून विकायला निरुपयोगी. बाटलीवर इंग्रजीत काहीतरी नाव होतं, ते आम्ही कधीच वापरलं नाही. पुढे सगळ्या वस्तीत तिचं नाव 'गुलाबी' पडलं. महागाची नव्हतीच. नवी घेतली असती तरी दोन जणींच्या सिनेमाच्या तिकिटांत आली असती. तिच्याच ठेल्यावर ऑफिसात जाणाऱ्या टायपिस्ट मुली ती घ्यायच्या. "घे गो," इंदूमावशी म्हणाली. "लाव आणि जा. बघूया कोण उठता बाकावरून."

मी सकाळी घरीच, आरशासमोर उभी राहून, तीन-चार फवारे मारले आणि निघाले. अण्णा वर्तमानपत्रातून वर न बघता म्हणाले, "हे काय नवीन?" मी म्हटलं, "काही नाही." कॉलेजात बीना माझ्याजवळून गेली, थांबली आणि म्हणाली, "तुझ्या डब्यात पेरू आहे का गं? खराब झालाय बहुतेक. काढून टाक." 

मी त्या दिवशी रडले नाही. चिडले की मला रडू येत नाही, ही निसर्गाने माझ्यावर केलेली मेहेरबानी आहे. कॉलेज सुटल्यावर तडक मुलुंडला उतरले आणि बाटली ठेल्यावर आपटली. "ही घे तुझी फसवी बाटली. सडक्या पेरूचा वास येतोय मला." इंदूमावशी गिऱ्हाईक सोडून उठली. "माजी वस्तू फसवी? मान वर कर." मी मान वर केली. तिने गळ्यावर एक फवारा मारला, दुसरा ओढणीच्या आतल्या बाजूला. आणि मला वास आला. ताजा, नुकता चिरलेला पेरू, त्यात हिरवं सफरचंद, आणि बर्फाच्या गोळ्यावर ओततात त्या सरबतासारखं काहीतरी लाल, गमतीचं. बाटली तीच होती.

मग आम्ही दोघी चालत घरी निघालो, आणि वाटेत दर थोड्या अंतरावर इंदूमावशी थांबून माझ्या गळ्याशी नाक आणायची. रस्त्यावरची माणसं बघत होती. "काय झालं हो बाई?" एका भाजीवाल्याने विचारलं. "काय नाय, चेडवाक हुंगतंय, ह्या पोरीक," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली. अर्ध्या वाटेत पेरू विरला आणि त्याखालून फूल वर आलं, चमेली आणि गुलाब यांच्यामधलं काहीतरी, मऊ, आणि मुख्य म्हणजे न ओरडणारं. ते तसंच राहिलं, अगदी रेशन दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत. तो कोपरा वळलो आणि वारा समोरून आला. इंदूमावशीने माझा गळा हुंगला आणि तोंड वाकडं केलं. "मेली," ती म्हणाली, "हयसर मेली." परत दहा-बारा पावलं मागे गेलो, तर वास जिवंत. पुढे आलो, मेली. आमच्या वस्तीच्या गोड सडक्या हवेत त्या बाटलीतलं फळ मिसळलं की फळच सडायचं. वर ताजा वास असेल तर तो मरायचा, एवढंच नाही, तो शत्रूला जाऊन मिळायचा. मी बाटली उघडली तीच मुळी चुकीच्या हवेत.

तिथून आमची रीत सुरू झाली. बाटली इंदूमावशीच्या खोलीत घड्याळाच्या बाजूला ठेवलेली. कुणाची मुलाखत असेल, कुणाला मोठ्या डॉक्टरकडे जायचं असेल, पोराच्या शाळेतून बोलावणं आलं असेल, की त्या बाईबरोबर बाटली घेऊन कुणीतरी एक जण रेशन दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत जायची. तिथे, वारा बदलतो तिथे, "मान वर कर" म्हणायचं आणि दोन फवारे. एक गळ्याला, एक पदराच्या आत. लग्नाबारशाला बाटली मिळत नसे. "थंय सगळे आपलेच," इंदूमावशी म्हणायची. "जंय परकी माणसं आपल्याक हुंगून बघतत, थंयच लावूक मिळात." आणि पुरुषांना मिळत नसे. हा नियम कुणी केला ते आठवत नाही, पण तो फार कडक होता. बाटली संपली की नवी यायची, फुलाची पाकळी न तुटलेली, पण आम्हाला ती पहिली तुटकी टोपणवालीच शुभ वाटायची, म्हणून टोपण बदलायचं.

हल्ली माझी भाची मला परदेशातून अत्तरं आणून देते. खोक्यात छापील कागद असतो, आधी कुठला वास येईल, मधे कुठला, शेवटी कुठला. मी तो वाचते आणि मला हसू येतं, कारण हे सगळं आम्ही त्या कोपऱ्यावर शिकून बसलो होतो. आम्ही म्हणायचो पेरू, चमेली आणि पावडर. पेरू फार वेळ टिकत नसे, स्टेशन येईपर्यंत. चमेली दुपार काढायची. संध्याकाळी उरायचा तो तान्ह्या पोराच्या मानेला येतो तसा पावडरीचा वास, आणि तोही फक्त अगदी जवळ येणाऱ्याला. सुती साडीवर ती लवकर उडायची, नायलॉनला चिकटून बसायची. इंदूमावशीच्या अंगावर चमेली दाट व्हायची, आईच्या अंगावर सगळ्याचा साबण व्हायचा, आणि माझ्यावर पेरू कुणापेक्षाही लवकर संपायचा. "रागानं तापतेस म्हणून," आई म्हणायची. स्वस्त होती, पहिला वास जरा थिल्लर होता, हे आज मी मान्य करते. पण ती शब्दाला जागायची. सकाळी लावली की संध्याकाळपर्यंत कुठल्या ना कुठल्या रूपात सोबत असायची, आणि तिच्या जोरावर आमच्या वस्तीतल्या किती बायका किती परक्या दारांतून आत गेल्या.

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा कचरा नाल्याच्या अलीकडे आला. आधी काठावर, मग नाल्यात, मग नाला दिसेनासा झाला आणि शेवटच्या ओळीतल्या खोल्यांच्या भिंतींना ढीग टेकले. पोरांना उलट्या सुरू झाल्या. अर्ज गेले होते, उत्तर नव्हतं. विहारात बैठक बसली आणि ठरलं की या वेळी बायकांनी कचरा खात्याच्या ऑफिसात जायचं, आणि बोलायचं मी. मागणी साधी होती: गाड्या पूर्वीसारख्या नाल्यापलीकडे खाली करा आणि अलीकडच्या ढिगावर माती टाका. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. मग अण्णांनी त्यांचं पत्रक वाचून दाखवलं.

पत्रक चांगलं होतं. आजही मला वाटतं, ते त्यांच्या चांगल्या पत्रकांपैकी एक होतं. त्यात म्हटलं होतं की बहिणींनो, जशा आहात तशा या. कामाच्या कपड्यांवर या. आंघोळ न करता या. आपण ज्या वासात जगतो तो वास साहेबाच्या टेबलावर जाऊ दे, एकदा त्याच्याही नाकात बसू दे.

 इंदूमावशी मागून म्हणाली, "आंघोळ नाय करता?"

"हे आंदोलन आहे, इंदूबाई," अण्णा म्हणाले. "हळदीकुंकू नाही."

"मगे तुमी जावा बिनआंघोळीचे. तुमका सवय आसा."

सगळ्या हसल्या. अण्णाही हसले, पण मागे हटले नाहीत. त्यांचं म्हणणं होतं की सुगंध लावून गेलात तर साहेब म्हणेल, यांना कसला त्रास? पुरावा घरी ठेवून कोर्टात जायचं का? ते चुकीचं बोलत नव्हते. म्हणूनच मला इतका राग आला. मी उठले. अण्णांच्या विरुद्ध सभेत उभी राहण्याची ती माझी पहिली वेळ. मी म्हटलं, "अण्णा, तो वास आमचा नाही. तो त्यांचा आहे. त्यांचा माल आम्ही अंगावर घेऊन त्यांना दाखवायला जायचं? मी कॉलेजात रोज तेच करते, नकळत. आता मुद्दाम नाही करणार."

"भावनेवर बोलतेस," अण्णा म्हणाले.

तेवढ्यात आई बोलली. ती सभेत कधी बोलत नसे, चहाचे कप गोळा करायची. कप हातात धरूनच म्हणाली, "शाळेत बाई मला लांबूनच फाईल द्यायच्या. टेबलावर ठेवायच्या, मग मी उचलायची. गुलाबी लावून जायला लागल्यापासून हातात देतात. मी परत टेबलावरून उचलणार नाही."

ठराव आमच्या बाजूने झाला. घरी आल्यावर मी अण्णांच्या मशीनवर माझं पत्रक काढलं. त्यांनी स्टेन्सिल दिला, शाई दिली, पण हँडल फिरवायला आले नाहीत. पत्रकाची पहिली ओळ होती: वास आमचा नाही. वाक्य लहान ठेवलं होतं. उभ्याने वाचता येण्यासारखं.

जायच्या दिवशी रेशन दुकानाच्या कोपऱ्यावर रांग लागली. तीसेक बायका, इस्त्रीच्या साड्या, पुढे इंदूमावशी बाटली घेऊन. "मान वर कर. पुढची. मान वर कर गो, लाजतंस काय, लगीन नाय लावूक." दुकानदार तराजू सोडून बघत होता. एवढ्या जणींवर एकदम पेरू दरवळला तेव्हा तो म्हणाला, "आज क्या है बाई, मेला है?" वस्तीच्या कमिटीचे पुरुष रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने चालत होते, त्यात अण्णाही होते, हातात माझ्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन. पटलं नव्हतं तरी गठ्ठा त्यांनीच उचलला होता.

साहेब तरुण होता, चेहऱ्याने वाईट नव्हता. आम्ही पाच-सहा जणी आत गेलो, बाकीच्या व्हरांड्यात. त्याने मान वर करून हवा ओढली आणि हसला. "अरे वा. आज ऑफिसात बाग आली म्हणायची." शेजारचा कारकूनही हसला. मग साहेब अर्जाकडे बघत म्हणाला, "दुर्गंधीने जगणं अशक्य झालंय, असं लिहिलंय तुम्ही. आणि आलात ते सेंट मारून! तुमच्या वस्तीत तर मजा दिसते, बाई."

अण्णा दारात उभे होते. त्यांनी जे सांगितलं होतं तेच, जवळजवळ त्याच शब्दांत, समोर घडलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. वाटलं होतं, त्यांच्या डोळ्यांत 'बघ' असं असेल. तसं काही नव्हतं. त्यांनी खाली, स्वतःच्या शाईच्या बोटांकडे बघितलं. साहेबाने त्यांच्या मुलीला हसलेलं त्यांना सहन झालं नव्हतं. उत्तर मलाच द्यावं लागणार होतं.

"साहेब," मी म्हटलं, "हा वास आम्ही लावला, म्हणून तो आमचा आहे. दुसरा तुमच्या गाड्यांतून येतो, तो तुमचा. आम्ही दुसऱ्याच्या वस्तू अंगावर घालून फिरत नाही. आमच्या घरी काय होतं ते बघायचं तर ही बाटली घ्या आणि आमच्याबरोबर चला. इथे येतो तो वास तिथे कसा लागतो, ते स्वतःच्या नाकाने बघा."

"चांगलं बोलता. कॉलेजात आहात वाटतं." त्याने अर्ज बाजूला सरकवला. "ठेवून जा. बघतो."

"याआधीचेही ठेवलेत."

"आज मला वेळ नाही."

"मग आम्ही बसतो. हा सकाळचा वास संध्याकाळपर्यंत टिकतो. आम्हीही टिकू."

आम्ही बसलो. व्हरांड्यात, जिन्यावर, नळाच्या कठड्यावर. शिपाई दोनदा ओरडून गेला, "ओ बाई, रस्ता सोडा, साहेब राउंडला निघणार," आणि इंदूमावशी म्हणाली, "निघू देत, आमी पण निघतो मागसून." पेरू उडाला, चमेली आली. पंख्याखालच्या कारकुनांनी नाकं वर केली. ऑफिसातली टायपिस्ट बाई पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "कुठला गं हा? छान आहे." इंदूमावशीने ऐकलं. "मुलुंड स्टेशन, पुलाच्या खाली, माजो ठेलो. पण आधी तुज्या साहेबाक गाडीत बसव." टायपिस्ट हसत आत गेली. तिने आत काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. जेवणाची सुट्टी झाली आणि साहेब बाहेर आला. व्हरांडाभर बायका भाकऱ्यांची फडकी सोडून जेवायला बसल्या होत्या. ओलांडून जायला जागा नव्हती. तो म्हणाला, "बरं, चला. पाच मिनिटं."

आई, इंदूमावशी, अण्णा आणि मी त्याच्या जीपमध्ये मागे बसलो. जीप रेशन दुकानाचा कोपरा वळली तेव्हा त्याचा हात खिशाकडे गेला. रुमाल. मी तेवढ्याची वाट बघत होते. शेवटच्या ओळीत, ढीग भिंतीला टेकला होता तिथे, ऐन उन्हात, इंदूमावशीने बाटली पुढे केली. "साहेबानू, रुमाल द्या. आमचा बघा कसा लागता." त्याने बहुधा सुटका म्हणूनच रुमाल दिला. दोन फवारे. त्याने तो घाईने नाकाला लावला आणि एक दीर्घ श्वास घेतला.

त्याचा चेहरा मी विसरणार नाही. त्याने रुमाल काढला, तर ढिगाचा वास. परत लावला, तर पेरू सडलेला, गोड, घशात उतरणारा, ढिगापेक्षा वाईट. परत काढला. त्याच्याकडे ना रुमाल होता, ना हवा. माझ्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाएवढा वेळ तो तसा उभा होता असं मला वाटलं. तेवढ्यात आई आमच्या खोलीतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. "पाणी घ्या, साहेब." त्याने मान हलवून नको म्हटलं. बोलायला तोंड उघडणं त्याला जमत नव्हतं.

"कोणीच घेत नाही," आई म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि त्यामुळेच साहेबाने परत हात पुढे केला. त्याने तांब्या घेतला, डोळे मिटले आणि प्यायला. मग मुकादमाला बोलावलं आणि आमच्यासमोर सांगितलं की उद्यापासून गाड्या पलीकडच्या टोकाला, आणि अलीकडे माती. "लिहून द्या," मी म्हटलं. अण्णांनी माझं पत्रक पुढे केलं, कोरी बाजू वर करून, आणि पेन. जीपच्या बॉनेटवर ठेवून त्याने लिहून दिलं.

माती आली. नाला परत दिसू लागला. इथे थांबले तर गोष्ट छान दिसेल, पण तसं झालं नाही. थोड्या महिन्यांनी साहेब बदलला, माती बंद झाली, आम्ही परत गेलो, परत माती आली. पुढची कितीतरी वर्षं हेच चाललं. आज ती वस्ती तिथे नाही. शहराने एवढं मात्र सिद्ध केलं की कचरा हलवता येतो. आधी माणसं हलवावी लागतात, एवढंच. या विषयावर मी अजूनही पत्रकं लिहिते, आणि वाक्यं अजूनही लहान ठेवते. आणि कुठल्याही ऑफिसात जाताना अजूनही सुगंध लावून जाते. तरुण कार्यकर्ते कधीकधी विचारतात, "ताई, मोर्चाला सेंट?" मी म्हणते, हो, मोर्चालाच.

त्या दिवशीच्या संध्याकाळबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. आम्ही दार लावून जेवलो. अण्णा माझ्या पत्रकाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. पण माती पहिल्यांदा बंद झाली तेव्हा ठरलं की या वेळी फोर्टच्या मोठ्या ऑफिसात जायचं, आणि मोठ्या साहेबाशी अण्णांनी बोलायचं. सकाळी आम्ही कोपऱ्यावर जमलो. इंदूमावशीने बायकांची रांग संपवली आणि बाटलीला टोपण लावू लागली, तेव्हा रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने अण्णा आले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. रांगेच्या शेवटी, जिथे मी नुकती उभी होते, तिथे येऊन उभे राहिले आणि समोर कुठेतरी बघत राहिले.

"पुरुषांका नाय हा," इंदूमावशी म्हणाली.

"माहीत आहे," अण्णा म्हणाले, पण हलले नाहीत. त्यांच्या हातांकडे माझं लक्ष गेलं. बोटांवर शाई होतीच, नेहमीसारखी.

इंदूमावशीने आईकडे बघितलं. आईने माझ्याकडे. मग इंदूमावशीने फुलाची तुटकी पाकळी धरून टोपण परत काढलं.

"वरचा बटण सोडा," ती म्हणाली. "आणि मान वर करा."